घरची बिअर गढूळ का होते? आणि माशाची पिशवी, शेवाळ, जिलेटिन तिला निवळ कसं करतात?

तीन-चार आठवडे वाट पाहायची, पहिली बाटली उघडायची, ग्लासात ओतायची आणि समोर काय, तर पातळ ताकासारखं काहीतरी. घरी बिअर बनवणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हा क्षण येतो. दुकानातल्या बिअरच्या ग्लासमागे पेपर धरला तर बातमी वाचता येते. घरच्या बिअरमागे हात धरला तर बोटंही मोजता येत नाहीत.

याचं उत्तर शोधायला गेलं की एक विचित्र यादी हाती लागते. माशाच्या पोटातली पिशवी, समुद्री शेवाळ, जनावरांच्या कातडीचं जिलेटिन, खेकड्याच्या कवचातून काढलेली पावडर, एका प्रकारचं प्लास्टिक, वाळूत असतं त्याच सिलिकाची जेल आणि कच्च्या पपईचा चीक. बिअर निवळण्यासाठी या सगळ्या गोष्टी वापरल्या गेल्या आहेत. इंग्रजीत यातल्या बहुतेकांना फाइनिंग्स म्हणतात. यातलं फारसं काही बाटलीच्या लेबलवर लिहिलेलं नसतं, त्यामुळे शाकाहारी माणसासाठी किंवा ॲलर्जी असणाऱ्यासाठी हा विषय फक्त दिसण्यापुरता राहत नाही.

आधी कायद्याचं बघू

हा छंद मुळात ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांतला. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरसाठी परवाना घेण्याची अट रद्द झाली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने केंद्रीय पातळीवर ही वाट मोकळी केली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. विकायची मात्र नाही. तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांना परवानगी द्यायला २०१३ उजाडलं.

महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे आणि कायद्याच्या व्याख्येत बिअरही दारूच. 'घरच्यापुरती' अशी सूट त्यात नाही. त्यामुळे पुढची माहिती इथे करून बघण्यासाठी नाही. जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथल्या मराठी मंडळींना ती थेट उपयोगी पडेल, बाकीच्यांना आपल्या ग्लासात काय काय येऊन गेलंय ते कळेल.

गढूळपणा एक नाही, चार प्रकारचे

बहुतेक लोक इथेच चुकतात. बिअर गढूळ दिसली की मिळेल ती पावडर टाकायची. पण गढूळपणाची कारणं वेगवेगळी असतात आणि एका कारणावरचं औषध दुसऱ्यावर चालत नाही.

पहिलं कारण यीस्ट. बिअर आंबवणारी ही बुरशी एकपेशीय असते. एक पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉनची. आंबवणं संपलं की पेशी एकमेकींना चिकटून तळाशी बसतात. काही जाती पटकन बसतात, काही आठवडेच्या आठवडे तरंगत राहतात. इंग्लिश एलसाठी वापरलं जाणारं यीस्ट बहुधा लवकर बसतं, जर्मन गव्हाच्या बिअरचं यीस्ट बसायचं नाव घेत नाही.

दुसरं कारण जास्त गमतीशीर आहे. बिअर बाहेर असताना स्वच्छ दिसते, फ्रिजमधून काढली की धुरकट. परत कोमट झाली की पुन्हा स्वच्छ. याला चिल हेझ म्हणतात. बार्लीतली काही प्रथिनं आणि बार्लीच्या टरफलातून व हॉप्समधून आलेले पॉलिफेनॉल, म्हणजे चहाला तुरटपणा देणाऱ्या टॅनिनचे भाऊबंद, थंडीत एकमेकांना पकडतात. त्यांचे बारीक कण तयार होतात आणि त्यावर प्रकाश विखुरतो. साधारण २० अंशांवर ही पकड सुटते. कडक कोरा चहा फ्रिजमध्ये ठेवून बघितला असेल तर असाच धुरकटपणा दिसला असेल. तिथे पॉलिफेनॉलचा जोडीदार कॅफिन असतं, पण खेळ तोच. बिअर थंड-कोमट, थंड-कोमट अशी वारंवार झाली किंवा तिला हवा लागली की ही पकड पक्की होते आणि मग गढूळपणा कायमचा राहतो.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. सगळी प्रथिनं गुन्हेगार नसतात. प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल ज्यांच्यात जास्त असतं तीच प्रथिनं पॉलिफेनॉलला चिकटतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले कार्ल सीबर्ट यांनी या विषयावर बरंच काम केलं आहे. बिअरचा फेस टिकवणारी प्रथिनं वेगळी. त्यामुळे सरसकट सगळी प्रथिनं काढून टाकली तर बिअर आरपार दिसेल, पण डोक्यावर फेस राहणार नाही.

तिसरं कारण स्टार्च. धान्य गरम पाण्यात भिजवताना त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला हवी. तापमान चुकलं किंवा वेळ कमी पडला तर स्टार्च तसाच राहतो आणि बिअरमध्ये तरंगतो. यावर फाइनिंग्सचा उपयोग जवळजवळ शून्य. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून निळा-काळा रंग बघितलेला असतो, तीच चाचणी इथे चालते. थोडा नमुना पांढऱ्या बशीत घ्यायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा-काळा झाला तर स्टार्च उरलाय. तो नमुना फेकून द्यायचा, परत भांड्यात ओतायचा नाही.

चौथं कारण जंतू. आंबट वास, वर साय किंवा पापुद्रा, तार सुटल्यासारखा चिकटपणा, बाटली उघडताच कारंजं. अशी बिअर निवळायच्या भानगडीत पडू नये, ती ओतून द्यावी. पुन्हा आंबायला लागलेल्या बिअरने बंद बाटलीत दाब वाढतो आणि काच फुटून जखमा होऊ शकतात. हा धोका खराच आहे.

आणि उलट बाजूही बघायला हवी. स्वच्छ दिसलं म्हणजे सुरक्षित असतं असं नाही. २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत विषारी गावठी दारूने १०० हून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. मिथेनॉल पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. फाइनिंग्स फक्त गढूळपणा काढतात. विष काढत नाहीत, जंतू मारत नाहीत.

मुळात बिअर स्वच्छ हवी हे ठरवलं कुणी?

शेकडो वर्षं लोक बिअर मातीच्या, लाकडाच्या, धातूच्या भांड्यातून पीत होते. आत काय आहे ते दिसतच नव्हतं. १८४२ साली आजच्या चेकियातल्या पिल्झेन शहरात योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने फिकट सोनेरी रंगाची लागर बनवली. आज ज्याला पिल्सनर म्हणतात ती हीच. त्याच काळात काचेचे ग्लास स्वस्त होत गेले. ब्रिटनमध्ये तर काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्दच झाला. सोनेरी बिअर आणि पारदर्शक ग्लास अशी जोडी जमली आणि 'आरपार दिसते ती चांगली' हे डोक्यात बसलं ते बसलंच. मोठ्या कंपन्यांनी पुढे गाळणयंत्रं आणली. घरी बनवणाऱ्याकडे ती नसतात, म्हणून त्याला फाइनिंग्स लागतात.

तुरटी, निवळी आणि बिअर

फाइनिंग्सचं तत्त्व मराठी घराला नवीन नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवतात. त्याआधी निवळीचं बी उगाळून पाण्यात टाकायची पद्धत होती. त्या झाडाचं नावच त्याच्या कामावरून पडलंय.

पाण्यातले मातीचे बारीक कण ऋण विद्युतभाराचे असतात. सारख्या भाराचे असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात आणि खाली बसत नाहीत. तुरटी धन भार आणते, कण एकत्र येतात, मोठे गोळे होतात आणि बसतात. बिअरमध्येही असंच होतं. यीस्टच्या पेशींवर ऋण भार असतो. धन भाराचं काहीतरी टाकलं की त्या गोळा होतात. उलट धन भाराच्या प्रथिनांसाठी ऋण भाराचं काहीतरी लागतं.

गोळा मोठा होण्याने इतका फरक का पडतो? जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेला नियम याचं उत्तर देतो. द्रवात खाली बसणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. व्यास १० पट झाला की वेग १०० पट. म्हणजे महिनाभराचं काम काही तासांवर येतं. फाइनिंग्स कोणतीही जादू करत नाहीत, जे पुढेमागे बसणारच होतं त्याला लवकर बसवतात.

मग बिअरमध्ये तुरटीच का नको? तुरटी तोंडात काय करते ते तिच्या नावातच आहे.

उकळतानाच टाकायचं शेवाळ

बिअर बनवताना आधी माल्टचं गोड पाणी हॉप्स टाकून तासभर उकळतात. या पाण्याला वर्ट म्हणतात. उकळताना प्रथिनं गोठतात, साधारण उकळत्या सूपमध्ये फेटलेलं अंडं टाकल्यावर दिसतं तसं. हे गोठणं नीट व्हावं म्हणून शेवटच्या १० ते १५ मिनिटांत आयरिश मॉस टाकतात.

नावात मॉस असलं तरी हे शेवाळ दगडावरचं नाही, अटलांटिकच्या किनाऱ्यावर मिळणारं लाल समुद्री शेवाळ आहे. त्यात कॅरागीनन असतं. आइस्क्रीम आणि चॉकलेट दुधाच्या पाकिटावर हे नाव सापडेल. कॅरागीननवर ऋण भार असतो, ते प्रथिनांना पकडतं आणि वर्ट थंड होताना त्यांचे लगदे खाली बसतात. भारतातही तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कॅरागीननसाठी कॅपाफायकस नावाचं दुसरं शेवाळ वाढवलं जातं.

प्रमाण अगदी थोडं, १९-२० लिटरला साधारण एक छोटा चमचा. शुद्ध केलेल्या कॅरागीननच्या गोळ्याही मिळतात. त्यातली व्हर्लफ्लॉक प्रसिद्ध आहे, एवढ्याच बिअरला एक गोळी. फार आधी टाकून तासभर उकळली तर कॅरागीनन तुटतं आणि गोळी फुकट जाते. जास्त टाकली तर तळाशी फुगीर गाळ होतो आणि त्यात बरीच बिअर अडकून वाया जाते. उकळल्यानंतर वर्ट झटकन थंड करणंही महत्त्वाचं.

हे शेवाळ पूर्ण शाकाहारी, स्वस्त आणि सोपं आहे. आधी करता येण्यासारखं काही असेल तर हेच. पण बिअर तयार झाल्यावर आठवण आली तर उशीर झालेला असतो. तिथून पुढे दुसरी साधनं लागतात.

फ्रिज आणि जिलेटिन

तयार बिअर निवळायचं सगळ्यात साधं साधन म्हणजे थंडी. अख्खं भांडं दोन-तीन दिवस ० ते २ अंशांवर ठेवायचं. यीस्ट बसतं आणि चिल हेझचे कणही तयार होऊन खाली जायला लागतात. घाई मात्र नको. हायड्रोमीटर लावून सलग दोन-तीन दिवस आकडा तोच येतोय ना हे बघून मगच थंड करायचं. आंबवणं अर्धवट असताना थंड केलं तर यीस्ट झोपतं आणि बाटलीत भरल्यावर कोमट जागी पुन्हा जागं होतं. फुटणाऱ्या बाटल्यांमागे बऱ्याचदा हीच घाई असते. दुसरी एक गोष्ट, थंड होताना भांड्यातला वायू आकसतो आणि एअरलॉकमधून बाहेरची हवा, कधी त्यातलं पाणीही आत खेचलं जातं. त्यासाठी भांड्याचं तोंड तेवढ्यापुरतं बंद करतात किंवा कार्बन डायऑक्साइड सोडतात.

थंडीला जोड म्हणून जिलेटिन. बेकरीवाले वापरतात तेच, चव आणि रंग नसलेलं. १९-२० लिटरला अर्धा ते एक छोटा चमचा पुरतं. अर्धा-पाऊण कप थंड पाण्यावर ते भुरभुरायचं आणि दहा-पंधरा मिनिटं फुगू द्यायचं. मग हळूहळू ६५ ते ७० अंशांपर्यंत गरम करायचं, म्हणजे ते पूर्ण विरघळतं. उकळायचं नाही, कारण उकळल्यावर जिलेटिनच्या लांब साखळ्या तुटतात आणि यीस्टला धरून ठेवायला लांब साखळीच लागते. हे कोमट पाणी थेट थंड बिअरमध्ये ओतायचं, झाकण लावायचं, परत फ्रिजमध्ये. दोन दिवसांत बहुतेकदा फरक दिसतो.

बिअर आधी थंड असावी, १० अंशांच्या खाली, हा मुद्दा लोक सोडून देतात आणि मग जिलेटिन चालत नाही म्हणतात. बिअर कोमट असेल तर चिल हेझचे कण अजून तयारच झालेले नसतात. जे अस्तित्वातच नाही त्याला जिलेटिन पकडणार कसं?

जिलेटिन डुकराच्या कातडीतून किंवा गाई-म्हशींच्या कातडी आणि हाडांतून काढतात. त्यातलं बरंचसं गाळाबरोबर तळाशी जातं, पण बिअर शाकाहारी राहिली असं म्हणता येत नाही.

माशाच्या पोटातली पिशवी

आता यादीतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात विचित्र नाव, आयसिंग्लास. माशाला पाण्यात खालीवर होण्यासाठी पोटात हवेची पिशवी असते. ती वाळवून केलेला हा पदार्थ. जवळजवळ शुद्ध कोलॅजन. जिलेटिनही कोलॅजनपासूनच होतं, पण उष्णता देऊन. आयसिंग्लास थंड, सौम्य आम्लाच्या पाण्यात हळूहळू विरघळवतात, त्यामुळे कोलॅजनचा तीन पदरी पीळ शाबूत राहतो. त्यावर धन भार असतो आणि यीस्ट गोळा करण्यात त्याची बरोबरी फार कमी पदार्थ करतात. तापमान २५ अंशांच्या आसपास गेलं की मात्र पीळ सुटायला लागतो आणि आयसिंग्लास निकामी होतं. घरी वापरणाऱ्याने ते फ्रिजमध्येच ठेवायला हवं.

सुरुवातीला युरोपात ही पिशवी रशियातल्या स्टर्जन माशाची यायची आणि महाग पडायची. १७९५ मध्ये विल्यम मर्डॉक या स्कॉटिश अभियंत्याने कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला. गॅसच्या दिव्यांमुळे प्रसिद्ध झालेला मर्डॉक तो हाच. लंडनच्या बिअर कारखानदारांनी त्याला या पद्धतीच्या वापरासाठी २००० पौंड मोजले. त्या काळात ही रक्कम फार मोठी होती.

शोध भारताच्या किनाऱ्यापर्यंतही आला. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन फोर्ब्स रॉयल यांनी १८४२ मध्ये भारताच्या किनाऱ्यांवर आयसिंग्लास तयार करण्याबद्दल इंग्रजीत एक पुस्तकच लिहिलं.

आपल्याकडे ही पिशवी अधूनमधून बातम्यांत येते, फक्त बिअरशी तिचा संबंध कुणी सांगत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या मच्छीमारांना एका फेरीत १५७ घोळ मासे मिळाले आणि १ कोटी ३३ लाख रुपयांना विकले गेले. एवढी किंमत मांसाची नव्हती, आतल्या पिशवीची होती. कोळी तिला बोत किंवा भोत म्हणतात. घोळीची बोत मुख्यतः पूर्व आशियाच्या बाजारात जाते, तिथे ती महागडा खाद्यपदार्थ आणि औषध समजली जाते. इतक्या भावाची बोत बिअरमध्ये टाकणं कुणालाच परवडणार नाही. ब्रूअरी इतर स्वस्त माशांच्या पिशव्या वापरतात.

आयसिंग्लासचं खरं घर म्हणजे ब्रिटिश पब. तिथली कास्क एल पिंपात जिवंत यीस्टसकट येते, गाळलेली नसते. ट्रकमधून येताना पिंप हलतं, गाळ वर येतो. तळघरात पिंप आडवं ठेवलं की आयसिंग्लास दिवस-दोन दिवसांत तो पुन्हा खाली बसवतं. एकदा ढवळलं तरी परत बसवता येणं हा त्याचा मोठा गुण.

गिनेसही अनेक वर्षं आयसिंग्लास वापरत होती. २०१५ मध्ये कंपनीने ते बंद करून नवी गाळण्याची पद्धत आणत असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या काही वर्षांत तसं केलंही. तोपर्यंत जगभरातल्या कितीतरी शाकाहारी लोकांनी काही न कळता ती प्यायलेली होती.

लेबलवर का नसतं?

युरोपीय संघात ॲलर्जी देणारे पदार्थ लेबलवर लिहावे लागतात आणि त्यात मासा आहे. पण बिअर आणि वाईन निवळण्यासाठी वापरलेल्या आयसिंग्लासला व माशाच्या जिलेटिनला यातून सूट आहे. फाइनिंग्सना घटक न मानता प्रक्रियेचं साधन मानतात, शेवटी ते जवळजवळ सगळं गाळात जातं, हा त्यामागचा युक्तिवाद. ॲलर्जीच्या दृष्टीने तो पटण्यासारखा आहे. पण जो माणूस धर्मामुळे किंवा तत्त्वामुळे मासा खात नाही, त्याच्यासाठी 'किती उरलं' हा प्रश्नच नसतो, 'वापरलं की नाही' हा असतो. त्याला हे सांगायला हवं होतं. आता बऱ्याच ब्रूअरी डब्यावर 'व्हीगन' असं छापतात, तो शब्द शोधणं हा सोपा उपाय.

शाकाहारी पर्याय कोणते?

पर्याय भरपूर आहेत. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेलं द्रव मिळतं. बायोफाइन क्लिअर हे त्यातलं माहितीतलं नाव, ते यीस्टला खाली आणतं. सिलिका जेल प्रथिनं धरते. पीव्हीपीपी नावाची पांढरी पावडर म्हणजे न विरघळणारं प्लास्टिक, ती पॉलिफेनॉल धरते आणि नंतर गाळून काढावी लागते. बिअरच्या शुद्धतेसाठी १५१६ च्या नियमाचा दाखला देणाऱ्या जर्मनीतही ती चालते, कारण शेवटी ती बाहेर निघते. प्लास्टिक चालतं आणि शेवाळ आलं की भुवया उंचावतात, असा हा मजेशीर कारभार.

कायटोसान मात्र जपून. ते बहुधा खेकडा-कोळंबीच्या कवचातून काढतात. बाजारात दोन पुड्यांचे संच मिळतात, त्यात एक पुडी सिलिकाची आणि दुसरी बऱ्याचदा कायटोसानची असते. कोळंबीची ॲलर्जी असेल तर पाकीट नीट वाचावं.

आणि पपई. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा तुकडा टाकतात, कारण तिच्या चिकातलं पपेन हे एन्झाइम प्रथिनं तोडतं. हीच युक्ती लिओ वॉलरस्टीन यांनी बिअरमध्ये वापरली आणि १९११ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं. थंड केल्यावर गढूळ न होणारी बिअर हे तेव्हा मोठंच यश होतं, कारण तिकडे घराघरांत बर्फाच्या पेट्या येत होत्या. पपेनची अडचण अशी की ते समोर येईल ते प्रथिन तोडतं, फेस टिकवणारंही. आता ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळणारं असं एन्झाइम वापरतात जे प्रोलिनच्या जागीच कापतं. गढूळपणा जातो, फेस राहतो. घरी बनवणाऱ्यांसाठी ते क्लॅरिटी फर्म या नावाने मिळतं. यीस्टबरोबर आंबवायच्या सुरुवातीलाच टाकायचं. त्याने बिअरमधलं ग्लुटेनही कमी होतं, पण सीलिॲक आजार असणाऱ्यांनी त्या भरवशावर बिअर पिऊ नये.

काहीच न टाकता, नुसतं थंड जागी तीन-चार आठवडे ठेवणं हा पर्यायही आहेच. लागर या शब्दाचं मूळ जर्मन भाषेत साठवण्यातच आहे.

काही बिअर गढूळच हव्यात

जर्मन हेफेवाइझेनच्या नावातच 'हेफे' म्हणजे यीस्ट आहे. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रूअरीत मिळणारी गव्हाची बिअर धुरकट दिसते ती म्हणूनच, खराब झालेली नसते. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या द अल्केमिस्ट ब्रूअरीची हेडी टॉपर गाजली आणि गढूळ आयपीएची लाटच आली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ब्रूअर्स असोसिएशनने ज्यूसी किंवा हेझी अशी वेगळी वर्गवारी केली. यात भरपूर ओट्स, गहू आणि उशिरा टाकलेले हॉप्स असतात. अशा बिअरमध्ये जिलेटिन टाकलं तर गढूळपणाबरोबर हॉप्सचा थोडा सुगंधही खाली जातो.

निवळलेल्या बिअरमध्ये बाटलीत फेस धरेल का, ही शंका नेहमी येते. धरतो. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या बिअरमध्येही प्रत्येक मिलिलिटरमध्ये हजारो यीस्ट पेशी शिल्लक असतात आणि बाटलीत टाकलेली थोडी साखर संपवायला त्या पुरतात. फक्त एखादा आठवडा जास्त लागू शकतो. बाटलीत भरताना सायफनची नळी तळाच्या गाळापासून दोन बोटं वर ठेवायची आणि शेवटचा अर्धा लिटर भांड्यातच सोडून द्यायचा.